शाळेतली जिजाऊ

परवा जानेवारीत गावी गेलो होतो. गाव सिंदखेड राजा तालुक्यातलं, तेव्हा 12 तारखेला काय असतं हे वेगळं सांगायला नको. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेची प्रभातफेरी निघाली. पुढे लेझीम, मागे घोषणा, आणि मधोमध नऊवारी नेसून, डोक्यावरचा पदर सांभाळत चाललेली तिसरीतली जिजाऊ. बायका दारात सडा-रांगोळी करून उभ्या. त्या पोरीला ओवाळताना एक म्हातारी खरंच तिच्या पाया पडली!

मला आमचं चौथीचं गॅदरिंग आठवलं. 1980 नंतरची दोन-चार वर्षं असतील. पडदा म्हणजे कोणाच्या तरी घरची चादर, पाळणा कोतवालाच्या घरचा. जिजाऊ झाली होती वर्गात पहिली येणारी मुलगी. पडदा वर गेला की थेट शिवनेरी, बारसं आणि टाळ्या.

आता वाटतं, सिंदखेडच्या मुलांनी तरी नाटक शिवनेरीपासून का सुरू करावं? 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ जन्मल्या त्या इथे, लखुजी जाधवांच्या वाड्यात. त्यांचं लहानपण म्हणजे आपल्या वाट्याचा इतिहास. आणि 1629 च्या जुलैमध्ये निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, लखुजी आणि त्यांची मुलं दग्याने मारली गेली. पुढच्या फेब्रुवारीत शिवराय जन्मले. म्हणजे त्या पाळण्याची दोरी ज्या हातात होती, त्या बाईचं माहेर काही महिन्यांपूर्वीच उजाड झालं होतं. आमच्या नाटकात ती फक्त आई होती. कोणाची लेक नव्हतीच.

त्या वर्गमैत्रिणीचंही तसंच झालं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी नाल्यापलीकडच्या गावी जायचं, तेही पायी. गुरुजी दोनदा तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "गुर्जी, पोरीला एकटी कशी धाडू?" संपलं. आम्ही मुलं गेलो, ती शेळ्यांमागे. आज गावात तिला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतात, अमक्याची माय म्हणून.

पुढे बरंच बदललं. 1992 पासून गरीब घरच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता मिळू लागला. 1996 साली अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींचा शाळेपर्यंतचा एसटी प्रवास मोफत झाला. एक रुपया म्हणजे काय, असं शहरात वाटेल. पण "धाडू कशी" या प्रश्नाला पास हे उत्तर होतं. ते आमच्या जिजाऊला दहा-पंधरा वर्षं उशिरा आलं.

हल्ली शाळेत 3 जानेवारीला सावित्रीबाई आणि 12 ला जिजाऊ, असा दहा दिवसांचा सोहळाच असतो. सावित्रीबाईंचा जन्म 1831 चा, लग्न नवव्या वर्षी, अक्षरओळख लग्नानंतर, आणि 1848 ला पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा. या दोघींना दहा दिवसांत आणणारं कॅलेंडर मला फार आवडतं.

फेरी संपल्यावर खिचडीच्या रांगेत त्या छोट्या जिजाऊला विचारलं, "पाचवीला कुठे जाणार गं?"

"एसटीनं," ती म्हणाली. गावाचं नाव नाही सांगितलं, गाडी सांगितली.

असो. घरच्या मंडळींनो, तुमच्या शाळेत जिजाऊ कोण व्हायची? आणि पुढे तिचं काय झालं? आठवून बघा, आणि मला नक्की कळवा.