आदिवासींचे आरोग्य : १९३६ चा प्रश्न अजून उभाच आहे

‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधला आदिवासींवरचा भाग फारसा वाचला जात नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी त्यात विचारले होते : एक कोटी तीस लाखांच्या आसपास आदिवासी रानावनात खितपत पडले असताना त्यांना साधी वैद्यकीय मदत द्यावी, असे हिंदू समाजाला का वाटले नाही? उत्तरही त्यांनीच दिले. मदत करायची तर त्यांच्यात राहावे लागते, त्यांना आपले मानावे लागते. आणि त्यात जात जाते. म्हणजे आजारपणाच्या मुळाशी जात आहे, हे तेव्हाच सांगून झाले होते.

पुढे संविधान आले. लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे कलम ४७ सांगते. प्रत्यक्षात काय घडले, ते मेळघाटात पाहू.

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके म्हणजे कोरकूंचा मुलूख. इंग्रजांनी जंगल राखीव केले, १९७४ साली व्याघ्र प्रकल्प आला. जंगलावरचा हक्क आकसला, तसे ताटातले अन्नही आटले. १९९३ साली बालमृत्यूंचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. नंतर नवसंजीवनी योजना आली, २०१५ साली गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. तरीही न्यायालयाला हाच विषय पुन्हा पुन्हा ऐकावा लागला.

‘आदिवासी अंधश्रद्ध आहेत, भूमकाकडे जातात’ हे ठरलेले उत्तर. आम्ही विचारतो, भूमकाकडे का जातात? कारण तो गावात असतो. डॉक्टरची जागा रिकामी असते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील बालमृत्यू अनुसूचित जमातींत ५७ होते. मागास प्रवर्गांबाहेरच्या समाजात ३८. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील केंद्राच्या समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल २०१८ साली आला. आदिवासींच्या आरोग्याची स्वतंत्र, पुरेशी माहितीच नाही, हे त्यात स्पष्ट झाले. ज्यांची मोजदादच होत नाही, त्यांच्यासाठी योजना कशाच्या आधारावर आखणार?

म्हणून आमची मागणी दयेची नाही, हक्काची आहे. आदिवासी आरोग्याचे आकडे दरवर्षी स्वतंत्र जाहीर करा. रिक्त पदे भरा, कोरकू मुलींना परिचारिका म्हणून घडवा. पेसा कायद्याच्या ग्रामसभेला दवाखान्याचा आणि अंगणवाडीचा हिशेब मागू द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेले जंगल त्यांच्या ताब्यात द्या. नुसत्या गोळ्या वाटून भूक मिटत नाही.

जय भीम! जय जोहार!