एका म्यानात दोन तलवारी : लिनक्सच्या बूट मेन्यूमागचं वीस वर्षांचं भांडण

आजचा भाग आहे एका काळ्या स्क्रीनबद्दल. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर ज्यांनी कधी लिनक्स टाकलंय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही स्क्रीन ओळखीची असेल. इन्स्टॉल नीट होतं, लोगो दिसतो, आणि मग नुसता अंधार. नेटवर शोधलं की कुणीतरी सांगतं : मशीन सुरू होताना ग्रबच्या मेन्यूत जा, 'ई' दाबा, त्या लांबलचक ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' टाइप करा. केलं की बहुतेक वेळा स्क्रीन उजळते.

पण ही निवड मशीन सुरू होतानाच का करायची? फोनवर ॲप बदलतो तसा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालता चालता का बदलता येत नाही? याचं उत्तर निम्मं तांत्रिक आहे आणि निम्मं भांडणाचं. आज दोन्ही बघू.

एक शब्द बदलला की काम व्हायचं

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. ऑपरेटिंग सिस्टिम जे सांगते ते कार्डाला कळेल अशा भाषेत तो पोचवतो. अडचण अशी की कार्डाची भाषा फक्त ते बनवणाऱ्या कंपनीला माहीत असते.

2000 च्या दशकात लिनक्सवर स्क्रीनचा बराचसा कारभार 'एक्स सर्व्हर' नावाचा प्रोग्राम बघायचा. सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, पण स्क्रीनच्या बाबतीत तो बहुतांशी बाजूला असायचा. एक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ड्रायव्हरच्या नावाची एक ओळ असे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर तिथे 'एनव्ही' लिहा किंवा 'एनव्हिडिया'. पहिला ड्रायव्हर ओपन सोर्स, पण जेमतेम. खिडक्या दिसायच्या, थ्रीडी नाही. दुसरा वेगवान, पण बंद पेटीतला. आत काय चाललंय ते कंपनीलाच ठाऊक. तो शब्द बदलायचा, एक्स पुन्हा सुरू करायचा, झालं.

मग 2006 च्या सुमारास स्टेफान मार्शेसँ नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने ठरवलं की कंपनी सांगत नसेल तर आपणच कार्डाची भाषा शिकायची. प्रकल्पाचं नाव ठेवलं 'नूव्हो', म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवीन'. म्हणतात की तो चॅटवर 'एनव्ही' टाइप करायचा आणि त्याचं ऑटो-रिप्लेस तिथे 'नूव्हो' सुचवायचं. तेच नाव राहिलं.

भाषा शिकायची पद्धत मजेशीर होती. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू करायचा, तो कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये कुठला आकडा लिहितो त्याची नोंद ठेवायची, मग थोडं वेगळं काम सांगून आकड्यांत काय फरक पडला ते बघायचं. अनोळखी भाषा बोलणाऱ्या दोघांचं बोलणं दाराआडून ऐकत शब्दकोश बनवावा, तसं. हे काम वर्षानुवर्षं चाललं.

कर्नलने सूत्रं हातात घेतली

जुन्या पद्धतीत एक मोठा त्रास होता. एक्स कोसळला की स्क्रीन तशीच गोठायची आणि कर्नलला आपला एरर मेसेजही दाखवता यायचा नाही. म्हणून रिझोल्यूशन वगैरे ठरवायचं काम, म्हणजे 'मोड सेट' करणं, कर्नलमध्येच आणायचं ठरलं. मार्च 2009 मध्ये आलेल्या 2.6.29 या आवृत्तीत इंटेलच्या चिपसाठी ही सोय मिळाली. बूट होताना स्क्रीन लुकलुकणं थांबलं. सगळे खूश.

पण याचा एक परिणाम झाला. आता ड्रायव्हर मशीन सुरू झाल्यावर काही सेकंदांतच कार्डाचा ताबा घ्यायला लागला. आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत! कार्डाची मेमरी, इंटरप्ट, स्क्रीनचा मोड हे सगळं एका वेळी एकाच ड्रायव्हरच्या हाती असावं लागतं.

डिसेंबर 2009 मध्ये नूव्हो अधिकृत कर्नलमध्ये दाखल झाला आणि फेब्रुवारी 2010 च्या 2.6.33 मधून लोकांपर्यंत पोचला. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने आपल्या जुन्या 'एनव्ही' ड्रायव्हरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. आता सामना सरळ झाला : नूव्हो किंवा बंद पेटी. बंद ड्रायव्हर टाकायला गेलात की इन्स्टॉलर म्हणणार, आधी नूव्होला बाहेर काढा.

बाहेर काढायचं म्हणजे त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचं. इथेच अनेक जण फसतात. बूट होताना कर्नलसोबत 'इनिटरामएफएस' नावाची एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत येते. नूव्हो तिच्यात बसलेला असेल, तर तुमच्या डिस्कवरची ब्लॅकलिस्ट वाचली जाण्याआधीच तो कार्ड पकडून मोकळा होतो. म्हणून ब्लॅकलिस्ट केल्यावर ती फाइल नव्याने बनवावी लागते.

आणि 'नोमोडसेट'? त्याचा अर्थ, 'कुठल्याच ड्रायव्हरने स्क्रीनचा मोड बदलू नये, फर्मवेअरने दिलेलं साधं चित्र चालू द्या.' ही आजारी मशीनसाठीची पेज आहे, रोजचं जेवण नव्हे. ज्यांना दोन्ही ड्रायव्हर हवेत ते ग्रबमध्ये दोन एंट्री करतात : एकीत नूव्हो ब्लॅकलिस्ट, दुसरीत एनव्हिडिया. डिस्क तीच, फाइल्स त्याच. बाणाची की दाबून ठरवायचं, आज कोण.

दोन चिप, एक स्क्रीन

फेब्रुवारी 2010 मध्येच एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' आणलं. लॅपटॉपमध्ये दोन चिप : बॅटरी वाचवणारी इंटेलची, आणि गेमसाठी एनव्हिडियाची. स्क्रीन इंटेलला जोडलेली. एनव्हिडिया चित्र काढणार आणि ते इंटेलमार्फत दिसणार. विंडोजवर हे आपोआप व्हायचं. लिनक्सवर कंपनीने हात वर केले.

मग लोकांनीच खटपट सुरू केली. 2011 मध्ये 'बंबलबी' हा प्रकल्प आला. ऑप्टिमस प्राइमचा ट्रान्सफॉर्मर्समधला साथीदार, म्हणून हे नाव. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एकदा एका पाथच्या मधोमध चुकून एक स्पेस पडली. एक फोल्डर पुसायचा होता, त्याऐवजी 'यूएसआर' हा अख्खा फोल्डर पुसायची आज्ञा तयार झाली. सिस्टिमचे बहुतेक प्रोग्राम त्यातच असतात! एका स्पेसने लोकांच्या सिस्टिम उडाल्या.

जून 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात एका मुलीने लिनस टोरवाल्ड्सला विचारलं, ऑप्टिमसवाल्या लॅपटॉपचं काय? त्याने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल.

पण दोष एकाच बाजूचा नव्हता. त्याच वर्षी कर्नलमध्ये दोन चिपनी एकमेकांना चित्र द्यायची यंत्रणा आली, 'डीएमए-बफ'. एनव्हिडियाने ती आपल्या बंद ड्रायव्हरला वापरू द्यावी अशी विनंती केली. ॲलन कॉक्ससारख्या जुन्या कर्नल डेव्हलपरने नकार दिला. हा कोड जीपीएल लायसन्सखाली दिलाय, तो बंद पेटीत जाणार नाही. त्यांचंही बरोबर होतं. मध्ये अडकले ते लॅपटॉप घेऊन बसलेले.

2013 मध्ये एनव्हिडियाच्या 319 क्रमांकाच्या ड्रायव्हरने वेगळी वाट काढली आणि उबंटूवर 'प्राइम-सिलेक्ट' आलं. इंटेल की एनव्हिडिया ते सांगा आणि पुन्हा लॉगिन किंवा रीबूट करा. एकेका ॲपपुरती एनव्हिडिया वापरायची सोय तिच्या बंद ड्रायव्हरने 2019 मध्ये दिली, म्हणजे ऑप्टिमसनंतर नऊ वर्षांनी.

कुलूप आणि किल्ली

दरम्यान आणखी एक घाव बसला. 2014 च्या जीटीएक्स 900 मालिकेपासून एनव्हिडियाची कार्डं फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअरच मानायला लागली. नूव्होकडे सही नाही, त्यामुळे त्याला कार्डाचा क्लॉक वाढवता येईना. इतक्या वर्षांत भाषा शिकली, पण आता दारालाच कुलूप.

मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला आपला भाग ओपन सोर्स केला. मात्र खूपसं गुपित आधीच कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये हलवलेलं होतं. तेच फर्मवेअर वापरून जानेवारी 2024 च्या 6.7 कर्नलपासून नूव्होला नव्या कार्डांवर दम मिळाला. गंमत बघा, नूव्हो अनेक वर्षं सांभाळणारा बेन स्केग्ज 2023 मध्ये त्यातून बाहेर पडला आणि 2024 मध्ये नूव्होसाठीच पॅच पाठवायला लागला, पण एनव्हिडियाचा कर्मचारी म्हणून! 2025 च्या 6.15 कर्नलमध्ये रस्ट भाषेत लिहिलेल्या 'नोव्हा' या नव्या ड्रायव्हरचा पाया घातला गेलाय.

आपल्याला काय त्याचं?

आता खिशातला फोन काढा. अँड्रॉइड असेल तर त्याच्याही पोटात लिनक्स कर्नलच आहे, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर बहुतेक वेळा बंद पेटीतला. पण तिथे मेन्यू नाही. अनेक फोनचा बूटलोडर लॉक असतो. कोणता ड्रायव्हर चालणार ते कंपनीने ठरवलेलं, आणि चिपवाल्याने नव्या अँड्रॉइडसाठी तो देणं बंद केलं की चांगला चालणारा फोनही जुन्या आवृत्तीवर अडकू शकतो.

कॉम्प्युटरवरचा तो ओबडधोबड मेन्यू कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण कंपनी आणि कर्नलवाले भांडत असताना शेवटचा शब्द त्यानेच मशीनच्या मालकाकडे ठेवला. काळ्या स्क्रीनपुढे 'ई' दाबता येतं, ही छोटी गोष्ट नाही.

तुम्ही कुठला ड्रायव्हर वापरता आणि का, ते कमेंटमध्ये जरूर सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घेत राहा!