जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये रस्त्याचा एवढा आवाज का येतो, आणि तो कमी कसा करतात?

माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटरचं आणि टप रेक्झिनसारख्या कापडाचा. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या कित्येक आजही धावतात. मालकांची एक तक्रार मात्र ठरलेली: हायवेला वेग वाढला की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

यावर अनेकांचा पहिला उपाय म्हणजे साउंड डॅम्पिंग मॅट. सीट काढायच्या, कार्पेट उचलायचं आणि काळ्या-चंदेरी मॅटने सगळा पत्रा मढवून टाकायचा. दोन दिवस जातात, बरेच पैसे जातात, गाडी दहा-पंधरा किलोने जड होते. आणि घरघर पुष्कळदा होती तेवढीच राहते, कारण ती येत असते टायरमधून, नाहीतर फाटक्या रबरातून.

मुळात कंपनीने आवाज अडवलाच का नाही? कारण आवाज अडवायला वजन लागतं आणि स्पोर्ट्स कारला वजन नको असतं. पोर्शने १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ दोन रूपांत विकली. हलक्या रूपातून आवाज अडवणारे थर, मागच्या सीट आणि आतली बरीचशी सजावट काढून टाकली होती. ते टूरिंग रूपापेक्षा सुमारे १०० किलोने हलकं होतं.

आधी आवाज ओळखायचा

रस्त्याचा आवाज आत दोन वाटांनी येतो. पहिली वाट लोखंडातून: टायर थरथरतो, ती थरथर सस्पेन्शनमधून बॉडीत शिरते आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. दुसरी वाट हवेतून: टायरचा आवाज फटींतून आणि पातळ भागांतून सरळ आत येतो. पहिला आवाज जाड, घुमणारा असतो. दुसरा ‘सूं’ करणारा, बराचसा १००० हर्ट्झच्या आसपासचा. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि तिथेच गोंधळ होतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला गाडी न्यूट्रल करायची (इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतात). आवाज पडला तर तो इंजिन किंवा सायलेन्सरचा. तसाच राहिला तर चाकांचा किंवा वाऱ्याचा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलत असेल, तर टायरचा. शेजारी बसलेल्याने मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर आकडा टिपून ठेवावा. अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो, पण त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, आधीचा आणि नंतरचा फरक त्यावरून कळतो. १० डेसिबलने आवाज कमी झाला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो.

यातला एक आवाज मात्र दाबून टाकायचा नसतो. वेगासोबत वाढणारी, कुठल्याही रस्त्यावर न बदलणारी घरघर ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. वेगात हलकेच डावीकडे वळताना ती वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढली तर डावीकडचं. त्यावर मॅट चिकटवणं म्हणजे धोक्याची घंटा गोणपाटात गुंडाळणं. आवाज कमी होईल, बेअरिंग मात्र झिजतच राहील.

टायर आणि रबर

जुनी स्पोर्ट्स कार वर्षाला थोडीच चालते. त्यामुळे टायरची नक्षी भरपूर शिल्लक दिसते, पण आतलं रबर वयाने टणक झालेलं असतं. टणक टायर जास्त वाजतो आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतो. टायरच्या बाजूवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षीवरून हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखी टोचत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे आणि अर्धी घरघर तिथलीच.

टायरमधली हवासुद्धा वाजते. या एमएक्स-५ ला मूळ टायर १८५/६० आर १४ मापाचा. त्यातल्या हवेच्या गोल पोकळीचा घेर सरासरी दीड मीटरच्या आत भरतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे ती पोकळी साधारण २३० हर्ट्झला घुमते. खड्ड्यावर किंवा पुलाच्या सांध्यावर येणारा ‘टंग’ हाच. मोठ्या रिमच्या काही नव्या टायरमध्ये यासाठी आतून फोम चिकटवलेला असतो. जुन्या गाडीवाल्यांनी निदान मोठी रिम आणि पातळ टायर बसवायचा मोह टाळावा. आणि युरोपात टायरच्या लेबलवर छापलेला डेसिबलचा आकडा गाडीच्या आतला नसतो, रस्त्याच्या कडेला ऐकू येणारा असतो.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तीस वर्षांत सुकून लाकडासारखे होतात. अनेक जण त्या जागी पॉलियुरेथेनचे बुश घालतात. वळणावर गाडी घट्ट वाटते, पण थरथर आत जास्त येते. शांतता हवी असेल तर साधं नवं रबरच बरं.

मग फटी. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला तर ती साधारण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं. ती सहज ओढली गेली तर तिथलं रबर बसलेलं आहे. या गाडीच्या काचांना चौकट नाही, काच सरळ टपाच्या रबराला टेकते, त्यामुळे काच थोडी हलली तरी फट पडते. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबरी बूटही तपासावं. या गाडीत ते हमखास फाटतं आणि खालचा आवाज आणि उष्णता दोन्ही वर येतात. एवढं एक बूट बदललं तरी फरक कळतो.

मग मॅट, पण सगळीकडे नाही

वाजत्या ताटलीला बोट टेकवलं की ती गप्प होते. ब्युटाइल मॅटचं काम तेवढंच: ती पत्र्याची थरथर दाबते, हवेतून येणारा आवाज फारसा अडवत नाही. त्यामुळे पत्रा टिचकी मारून बघायचा. ‘टण’ वाजला तर मधोमध मॅट लावायची, ‘ठप’ वाजला तर सोडून द्यायचा. सपाट पत्र्याचा पाव ते निम्मा भाग झाकला की बहुतेक फायदा मिळून जातो. २ मिलिमीटरची मॅट चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते, म्हणून कंजुषी इथे शहाणपणाची. छपराच्या गळतीवर लावायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून वापरू नये. उन्हात तापली की गाडीभर डांबराचा वास सुटतो.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत मॅटचा उपयोग आणखी कमी. फायबर पत्र्यासारखा टणटणत नाही, पण हलका असल्याने आवाज आरपार सोडतो.

आवाज अडवायला वजनच लागतं. थर दुप्पट जड केला की साधारण ६ डेसिबलचा फायदा. जड व्हायनलचा पडदा चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास असतो, आणि तो खाली फोम घालून, पत्र्यापासून सुटा ठेवावा लागतो. एमएक्स-५ मध्ये मागच्या चाकांच्या कमानी सीटच्या लगेच मागे, कानाजवळ येतात. पडदा घालायचा तर तिथे. पुढे इंजिनच्या बाजूला न घातलेलाच बरा, कारण या गाडीच्या सायलेन्सरचा सूर कंपनीने मुद्दाम जुळवलेला आहे आणि गाडी घेणारे त्यासाठीही घेतात.

खालचा फोम बंद छिद्रांचाच हवा. पाणी पिणारा स्पंज कार्पेटखाली ओला राहतो आणि पत्रा आतून गंजतो. एमएक्स-५ च्या टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली दाराच्या उंबऱ्याजवळ बाहेर पडतं. त्या नळ्या तुंबल्या की उंबरे सडतात, हा या गाडीचा जुना आजार. म्हणून तळातली आणि दारातली पाणी जायची भोकं मॅटखाली कधीच झाकायची नाहीत. सीट काढलेल्या असतानाच त्या नळ्यांत थोडं पाणी ओतून ते खाली पडतंय का, हे बघून घ्यायचं.

एवढं करून उरतो तो टप. कापडातून येणारा वाऱ्याचा आवाज तळाच्या मॅटने जात नाही. त्यासाठी काढता-घालता येणारा कडक टप मिळतो. तो बसवला की हायवेवर गप्पा मारता येतात, फक्त वाटेत ऊन पडलं तरी उघडून टाकता येत नाही. तो घरीच काढून ठेवावा लागतो आणि उचलायला दोघं लागतात.