‘कुंकू’तलं घड्याळ

प्रभातच्या ‘कुंकू’ला (१९३७) पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी गाण्यांखेरीज प्रसंगातले, घरातले आवाज तेवढे ठेवले, आणि म्हणून या चित्रपटाच्या ध्वनीला ‘वास्तववादी’ म्हणायची पद्धत पडली. मीही वर्षानुवर्षं माझ्या वहीत हाच शब्द लिहीत आलो.

शंका आली ती आमच्या घरातल्या लंबकाच्या घड्याळामुळे. काकासाहेबांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक पडद्यावरून येते तशी आपल्याला टिपता येते का, म्हणून एका दुपारी मी खोलीच्या मधोमध रेकॉर्डर ठेवला. ऐकलं तर पंखा, मोरीतली भांडी, रस्त्यावरची रिक्षा. घड्याळ जवळजवळ नाहीच. मायक्रोफोन त्याच्या पेटीला टेकवला तेव्हा कुठे टिकटिक आली. (पावसाचं याहून वाईट. पत्र्यावरचा खराखुरा पाऊस टेपवर भजी तळल्यासारखा वाजतो.) कान हवं ते निवडून ऐकतो, यंत्राला ती निवड करता येत नाही, ती करून द्यावी लागते.

‘कुंकू’तही ती कुणीतरी करून दिली होती. काकासाहेबांचं घर म्हणजे पुण्याच्या प्रभात स्टुडिओत, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात, उभारलेला सेट. तिथे शेजार नाही, रस्ता नाही. शिवाय त्या काळी आवाज प्रकाशाच्या रूपाने फिल्मच्या कडेला उमटायचा आणि त्या पट्टीची स्वतःचीच खरखर असायची. बारीक आवाज तीत बुडून जायचे. टिकटिक ऐकवायची तर मुद्दाम, ठळक करूनच ऐकवावी लागणार.

एवढा खटाटोप कशासाठी? ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची ही कथा. मामाने फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेलं लग्न नीरा मानत नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब हास्यास्पद आहेत, आणि केविलवाणेही. मागे व्हायोलिन असतं तर त्याने आपल्याला परस्पर सांगून टाकलं असतं, आता हसा, आता हळहळा. ते नाही, म्हणून शांता आपट्यांची नीरा नुसती गप्प राहते तेव्हा प्रेक्षक अडचणीत येतो. त्याला स्वतःच बाजू घ्यावी लागते. जरठ-कुमारी विवाह ज्यांच्या घरात झाले होते असे प्रेक्षक १९३७ साली थिएटरात बसलेले असणारच. ही अडचण त्यांच्यासाठी होती, असं माझं मत आहे.

वहीतला ‘वास्तववादी’ मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे ‘सेटवर केलेला’ एवढं लिहून ठेवलं आहे.