वाहन-वाहतुकीतील नुकसानीची जबाबदारी

मोटार किंवा दुचाकी ट्रकवरून वा ट्रेलरवरून परगावी पोचवताना तिची हानी झाल्यास वाहतूकदारावर येणारी कायदेशीर जबाबदारी. 1865 च्या कॅरियर्स ॲक्टची जागा घेणारा 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट 1 मार्च 2011 पासून अमलात आहे.

या कायद्यानुसार वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालकावर नसते. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, जप्ती किंवा सरकारी निर्बंध हे वाहतूकदाराचे मान्य बचाव होत. मात्र योग्य काळजीने हानी टळली असती, तर तेही लागू पडत नाहीत. भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. भाडे 8,000 रुपये असल्यास ही मर्यादा 80,000 रुपये होते. वाहनाचे अधिक मूल्य आधी जाहीर करून जादा दर भरल्यास ती वाढते. दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तिची 180 दिवसांची मुदत वाहन हाती आल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या तारखेपासून मोजतात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. त्यामुळे बुकिंग परगावी झाले असले, तरी वाहनमालक आपल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. वाहन देताना व घेताना काढलेली छायाचित्रे आणि पोचपावतीवर लिहिलेला नुकसानीचा शेरा हे दाव्यातील महत्त्वाचे पुरावे ठरतात.