केरी आणि कुर्डीच्या दोन आया

सरकारी फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना आला की मला केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आठवतात. दोघींची आडनावे गावांची. फोंड्यातले केरी, सांगेतले कुर्डी. कलावंत समाजातल्या घरात आई हीच कर्ती. देवळातली सेवा आणि गाणे आईकडून लेकीकडे जायचे. गाव उत्सवात गाणे मन लावून ऐकायचे, पण घरच्या सुनेचा मान या बायांना द्यायचे नाही. आज त्यांची नावे अभिमानाने घेताना हे आपण सोयीने विसरतो.

दोघीही उस्ताद अल्लादियाखाँच्या शिष्या. केसरबाईंना (१८९२-१९७७) १९६९ साली पद्मभूषण मिळाले. मुलीला मात्र त्यांनी गाण्यात आणले नाही, डॉक्टर केले. मोगूबाईंनी (१९०४-२००१) उलट केले. वैधव्यात, मुंबईत तीन मुले सांभाळत शिकवण्या केल्या आणि थोरल्या लेकीला पुढ्यात बसवून तालीम दिली. तीच किशोरी आमोणकर.

मला केसरबाईंचा निर्णय जास्त धाडसी वाटतो. ज्या गळ्याने सगळे दिले त्याची वाट घरात स्वतःच बंद करायची! रसिक हळहळतात, पण त्या काळी गाणाऱ्या बाईला काय सोसावे लागे, ते ऐकणाऱ्याला कुठे सोसावे लागले?

१९७७ साली व्हॉयेजर यानांतून केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली. त्याच सप्टेंबरात बाई वारल्या. कुर्डी साळावली धरणाच्या पाण्यात गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, जुने गावकरी जमतात, आणि मोगूबाईंचे घर कुठे होते तेही दाखवतात.