विसर्ग: दोन टिंबं आणि धरणाचं दार

जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरकरांच्या बोलण्यात 'विसर्ग' हा शब्द रोजचा होतो. कडवी धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, यावरून कोपार्डे, शिरगावचे बंधारे पाण्याखाली जाणार का, याचा अंदाज लोक बांधतात. शाळेत मात्र 'दुःख'मधल्या दोन टिंबांनाच विसर्ग म्हणतात. एका शब्दाचे हे दोन संसार थाटले गेले कसे?

मूळ धातू 'सृज्': सोडणं, बाहेर टाकणं, निर्माण करणं. सृष्टी, निसर्ग, संसर्ग, उत्सर्जन ही त्याचीच प्रजा. गणपतीचं विसर्जन तर सख्खं भावंड. व्याकरणकारांनी स्वरामागून सुटणाऱ्या श्वासाला विसर्ग म्हटलं. टिंबं ही त्याची फक्त लेखी खूण. मराठी जिभेनं तो श्वास गिळून पुढचं व्यंजन दुप्पट केलं, म्हणून आपण 'दुक्ख' म्हणतो.

पाण्याशी या शब्दाची सोयरीक जुनीच. चरकसंहितेत वर्षाचे दोन भाग आहेत. सूर्य ओलावा शोषतो तो आदानकाळ. वर्षा, शरद, हेमंतात ओलावा परत मिळतो, तो विसर्गकाळ. म्हणजे धरणं बांधली जाण्याच्या कितीतरी आधी आभाळ विसर्ग करत होतं.

जलशास्त्रात विसर्ग म्हणजे प्रवाहाच्या छेदातून दर सेकंदाला जाणारं पाणी: छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. सेकंदाला 1 घनफूट म्हणजे 1 क्युसेक, सुमारे 28.3 लिटर. या हिशेबात मोकळ्या ओढ्यालाही विसर्ग असतो. बातम्यांत मात्र तो बहुधा धरणाचाच. पाऊस पडतो, पूर येतो. विसर्ग 'केला' जातो, 'वाढवला' जातो.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे इथे अपवाद. धरण भरलं की पाण्याच्याच दाबानं ते उघडतात. तिथं विसर्ग आपसूक होतो. इतरत्र बहुधा या शब्दामागं निर्णय घेणारं माणूस उभं असतं. 2019च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीत कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गावरून वाद पेटला तो म्हणूनच. पावसाला जाब विचारता येत नाही. पाणी कधी सोडलं, किती सोडलं, हे विचारता येतं.